प्रमाणपत्राचा इशारा डावलू नये

शाळा व ग्रंथालये यांतील संगणक पुष्कळदा इंटरनेटशी थेट न जोडता प्रॉक्सी सर्व्हर या मध्यस्थामार्फत जोडलेले असतात. अशा ठिकाणी सुरक्षित संकेतस्थळ उघडेनासे झाले, की प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून काम भागविण्याचा मोह होतो. हा मोह घातक होय.

दोष कोठे आहे, हे क्रमाने पाहिल्यास कळते. एचटीटीपीच्या २०२२ सालच्या मानकानुसार संगणक प्रथम मध्यस्थाकडे ‘कनेक्ट’ या आज्ञेने इष्ट स्थळापर्यंत, बहुधा त्याच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत, वाट मागतो. उत्तरादाखल ४०७ हा आकडा आला, तर मध्यस्थाला वापरणाऱ्याची ओळख हवी आहे. ५०४ आला, तर पलीकडून वेळेत उत्तर मिळालेले नाही. २०० आल्यास वाट मोकळी झाली असे समजावे. त्यानंतर प्रमाणपत्राची परीक्षा होते. तेथे अडल्यास संगणकाचे घड्याळ चुकले असेल, प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, अथवा मध्यस्थच संदेश उलगडून स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करीत असेल. हे संस्थेच्या संमतीने होत असेल, तर तिचे मूळ प्रमाणपत्र व्यवस्थापकाने रीतसर बसवावे व वाचकांनाही तसे कळवावे.

तपासणी बंद केल्याने मूळ दोष तसाच राहतो. शिवाय पलीकडे खरे संकेतस्थळ आहे की कोणी तोतया, हे ओळखण्याचे साधन हातचे जाते. विद्यार्थ्याचा पासवर्ड तोतयाच्या हाती पडण्यापेक्षा थोडा विलंब सोसणे केव्हाही श्रेयस्कर.