वेगळी वाटी नको!

शरदाचं चांदणं, मंडईत सासवडची सीताफळं आणि ऑफिसच्या ग्रुपची दिवाळी पार्टी. सगळं मस्त! पण ग्रुपमध्ये एक व्हीगन, एकाला डायबेटिस, एकीला ग्लुटेन चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाटी? नकोच. आजारी असल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सगळ्यांना चालेल असंच डेझर्ट करा की!

चार जणांसाठी तीन घट्ट पेरू घ्या. बियांचा भाग काढून फोडी करा. पाव वाटी पाणी आणि दालचिनीचा तुकडा घालून सात-आठ मिनिटं झाकून शिजवा. गार झाल्यावर लिंबू पिळा, वर मूठभर डाळिंबाचे दाणे.

आता क्रीम. एका मोठ्या सीताफळाचा गर हातानेच बिया काढून घ्या. त्यात अर्धी वाटी घट्ट नारळाचं दूध, चिमूटभर वेलची. गॅसवर ठेवू नका, सीताफळ तापलं की कडवट होतं. फ्रिजमध्ये गार करा.

साखर, दूध, मैदा काहीच नाही. तरी सीताफळ मुळातच गोड, म्हणून क्रीम वेगळं ठेवा. डायबेटिसवाल्यांनी चमचाभरच घ्यावं. गूळ-मध घालून ‘शुगर-फ्री’ म्हणू नका, तीही साखरच. शिऱ्यातला चमचा यात बुडवू नका. सिलिअ‍ॅक असणाऱ्याला कणभर रवाही बाधतो. आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, ते आमंत्रण देतानाच विचारा. विचारलेलंही गोड लागतं!