सेवा आणि वेतन

आज नाताळ. बेथलेहेमच्या गोठ्यातील जन्माची कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहे; तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. ज्या घरांत तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो व गीतेचा अध्याय वाचला जातो, त्यांना जवळचा वाटावा असा एक प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथांनी कसोशीने हाताळला आहे. मनुष्य देवाची सेवा करतो, ती नेमकी कशासाठी?

डोंगरावरील प्रवचनात येशूने दानाचा डांगोरा पिटणाऱ्यांचा आणि चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला आहे. लोकांनी वाहवा केली, तेथेच त्यांचे वेतन चुकते झाले. देवाकडे त्यांचे काही येणे उरले नाही, असा हा रोकडा हिशेब आहे. निष्काम कर्माचा संस्कार झालेल्या मनाला तो परका वाटू नये. भेद मात्र आहे. गीता फळाची आसक्तीच टाकावयास सांगते. येशू गुप्तपणे केलेल्या सत्कृत्याचे फळ पित्याकडून मिळेल असे आश्वासन देतो. हा भेद पुसून ‘सर्व धर्म एकच’ म्हणून मोकळे होणे आम्हांस आळसाचे वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग तर फारच मर्मभेदी आहे. बेथानी गावी मरियेने जटामांसीचे बहुमोल सुगंधी तेल येशूच्या चरणांना लावले आणि आपल्या केसांनी ते पुसले. हे तेल तीनशे दीनारांना विकून पैसा गोरगरिबांना का दिला नाही, असा सवाल यहूदाने केला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; तेव्हा ही रक्कम जवळजवळ वर्षाच्या कमाईइतकी. सवाल ऐकावयास किती धर्मशील! परंतु शिष्यांची थैली यहूदाकडे असे व तीत पडलेले तो लांबवीत असे, हे ग्रंथकाराने तेथल्या तेथे नोंदविले आहे. स्वतःच्या गुरूच्या बारा निवडक शिष्यांपैकी एकाविषयी असे लिहून ठेवावयास धैर्य लागते. दानपेटी जेथे जेथे आहे, तेथे तेथे हा प्रसंग वाचला जावा.

महाराष्ट्रात ही कसोटी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतःस लावून घेतली. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर करणारा मिशनच्या पगारासाठी बाटतो, हा समज त्या काळी सर्रास होता. आजही तो कानी पडतो. काही जणांच्या बाबतीत तो खराही असेल. टिळकांनी त्याला वादाने उत्तर देण्यापेक्षा कृतीने दिले. बावीस वर्षांनी, 1917 साली, साताऱ्यास असताना त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. पगार सुटला की पहिली चिंता चुलीपुढे बसणाऱ्या बाईला पडते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको.

दरबार बाळसे धरण्यापूर्वीच, मे 1919 मध्ये, टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.