घर जपणाऱ्यांनो, घरातल्या बाईला विचारलेत का?

अंबरनाथ पूर्वेला एका जुन्या कौलारू घराच्या ओटीवर रविवारची बैठक होती. जुनी घरे भराभर पडताहेत, त्यांच्या जागी इमारती उठताहेत, तेव्हा निदान काही घरे तरी वाचवावीत म्हणून धडपडणारी ही आठ-दहा मंडळी. एक निवृत्त शिक्षक, रेल्वेत नोकरी केलेले एक गृहस्थ, वास्तुशास्त्र शिकणारी दोन मुले. पगार नाही, मानधन नाही. पदरमोड करून ही माणसे मोजमापे घेतात, फोटो काढतात, नगरपालिकेत अर्ज देतात. घराच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, आमच्या सल्ला केंद्रात एकदोनदा येऊन गेल्या होत्या, म्हणून मलाही बोलावणे आले.

तुळया सागवानी आहेत, ओटीचे खांब कोरीव आहेत, असे बरेच कौतुक झाले. मग शिक्षक म्हणाले, "वहिनी, हे घर पाडू देऊ नका."

काकू चहाचे कप गोळा करीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, न पाडू द्यायला ते माझ्या नावावर आहे कुठं?"

कोणी काही बोलले नाही. विषय पुन्हा खांबांकडे वळला. त्या दोन तासांत चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो काकूंनीच केला. संडास परसात, सत्तरी ओलांडलेली ही बाई पावसाळ्यात रात्रीबेरात्री एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन तिथे जाते, ही गोष्ट बैठकीत निघालीच नाही. मीही ती वेळेवर काढली नाही. तेच मनाला लागून राहिले, म्हणून हा लेख.

मला या मंडळींची थट्टा करायची नाही. त्यांचे काम मोलाचे आहे. आमच्या अंबरनाथला वारसा म्हटला की सगळ्यांना एकच वास्तू आठवते, शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातले हे मंदिर. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. ते केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. २०१० साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. देवाच्या घराला एवढे संरक्षण आहे. माणसांच्या जुन्या घरांना मात्र या आठ-दहा स्वयंसेवकांखेरीज कोणी वाली नाही.

पण घर म्हणजे मंदिर नव्हे. घरात माणसे राहतात, आणि घर राहते कोणामुळे? पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलून घ्यायची, वाळवीवर लक्ष ठेवायचे, ओल आलेल्या भिंतीपासून धान्याचे डबे हलवायचे, जमीन सारवायची, देवघराच्या कोनाड्यातली काजळी पुसायची. साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षे हे काम बायकांनी केले, म्हणून आज जपण्याजोगे काही शिल्लक आहे. या कामाला आपण 'घरकाम' म्हणतो. तेच काम बाहेरच्या माणसाने वही-पेन घेऊन केले की त्याला 'जतन' म्हणतात!

गंमत अशी की जुनी घरे वाचवण्यासाठी संस्था काढण्याचे काम जगात ज्यांनी आधी केले, त्यांत बायका ठळकपणे होत्या. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन हे घर मोडकळीला आले होते. विकत घ्यायला ना केंद्र सरकार तयार होते, ना व्हर्जिनिया राज्य. तेव्हा १८५३ साली ॲन पामेला कनिंगहॅम या आजारपणाने खिळलेल्या बाईने इतर बायकांना हाक दिली. बायकांनी वर्गण्या गोळा केल्या आणि १८५८ साली दोन लाख डॉलरला घर विकत घेण्याचा करार केला. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा अधिकार घटनेने मिळाला तो १९२० साली. म्हणजे त्याच्या साठ वर्षे आधीची ही गोष्ट. आजही ते घर त्याच स्त्रियांच्या संस्थेच्या ताब्यात आहे.

ही गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगावीशी वाटते, पण ती अर्धीच सांगून चालणार नाही. १७९९ साली वॉशिंग्टन वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. भांडी घासणारे, सूत कातणारे, शेतात राबणारे. त्यांच्या दफनभूमीवर साधा दगड बसायला १९२९ साल उजाडले आणि नीट स्मारक झाले १९८३ साली. म्हणजे जपणाऱ्या बायका असल्या म्हणून राबणाऱ्यांची आठवण आपोआप जपली जाते असे नाही. मालकाची खोली आधी झाडली जाते, स्वयंपाकघराचा नंबर शंभर वर्षांनी लागतो.

आपल्याकडची उदाहरणे पाहू. पुण्यातल्या गंज पेठेत फुले वाडा आहे. तिथे गेलेल्या मैत्रिणींना अंगणातली समाधी आणि विहीर आठवत असेल. याच घरचा पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला. त्याआधी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, म्हणून. अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा मुलगा यशवंत. त्याला या दोघांनी दत्तक घेतले. आजच्या भाषेत बोलायचे तर हे घर म्हणजे आधारगृह होते. तिथे बाळंतिणीला शेक कोणी दिला, रात्री कंदील घेऊन कोण उठले, हे सांगितल्याशिवाय त्या वाड्याच्या भिंती काय सांगणार?

दुसरे उदाहरण भिडे वाड्याचे. १८४८ साली जिथे मुलींची शाळा सुरू झाली, तो बुधवार पेठेतला वाडा डोळ्यांदेखत मोडकळीला आला. स्मारकासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. भाडेकरू आणि महापालिका यांचा वाद कोर्टात पडून राहिला. २०२३ साली निकाल स्मारकाच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वाडा पाडण्यात आला. स्मारकाची जागा मिळाली, पण ज्या भिंतींआड त्या मुली बसल्या त्या भिंती गेल्या. मूळ वास्तूची डागडुजी वेळीच झाली असती तर? जतनाचे काम वेळेवर करायचे असते, एवढा धडा तरी यातून घ्यावा.

आणि वाडे-बंगले हीच काय ती ऐतिहासिक घरे? अंबरनाथला लागूनच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. लांबलचक बराक, मध्ये गोणपाटाचे नाहीतर चादरीचे पडदे, एका पडद्याआड एक कुटुंब. त्या पडद्याआड बायकांनी चूल मांडली, पापड लाटले, मुली वाढवल्या. एका सबंध समाजाने जिथे पुन्हा संसार उभा केला, ती घरे वारसा नाहीत तर काय? पण त्यांना कोरीव खांब नाहीत, म्हणून त्यांची मोजमापे घ्यायला फारसे कोणी जात नाही.

आता काकूंच्या वाक्याकडे वळू. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको मुलांच्या बरोबरीने वारस ठरते. पण अनेक घरांत वारस नोंद होतच नाही, मालमत्तेच्या कागदावर वर्षानुवर्षे गेलेल्या पुरुषाचेच नाव राहते. याच कायद्यात कलम २३ होते. कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी आपापले हिस्से करायचे ठरवल्याशिवाय बाईला मागता येत नसे. लग्न झालेल्या मुलीला त्या घरात राहण्याचा हक्कसुद्धा नव्हता. तो होता अविवाहित, टाकलेल्या, विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीला. म्हणजे घर शाबूत ठेवायचे ते बाईचा हक्क बाजूला सारून! महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाप्रमाणे हिस्सा दिला, पण कलम २३ रद्द व्हायला २००५ साल यावे लागले. कलम गेले तरी रीत गेली नाही. काकूंच्या नणंदांनी हक्कसोडपत्रावर कधीच सह्या केल्या आहेत. मुलाचे बिल्डरशी बोलणे चालू आहे. घर पाडले तर फ्लॅट मुलाच्या नावावर होणार. घर वाचले तर दारावर सासऱ्यांच्या नावाची पाटी लागणार. दोन्हीकडे काकू नाहीतच.

म्हणून जतन करणाऱ्या मंडळींपुढे मी चार गोष्टी ठेवते. घराची पहिली नोंद करताना त्यात कोण राहते आणि कागदावर नाव कोणाचे आहे हे लिहा. बाईचे नाव नसेल तर वारस नोंदीसाठी तिला मदत करा. डागडुजीचे पैसे उभे राहिले तर पहिला खर्च संडास-मोरी आत आणण्यावर करा. खांब वर्षभर थांबतील, म्हातारीचा खुबा थांबणार नाही. घराचा इतिहास लिहिताना चुलीपाशी बसून ऐका. विधवेला कोणत्या खोलीत बसवत, मोलकरणीला कोणत्या दाराने घेत, पाणी कोणाला वरून वाढत, हेही लिहा. आणि समितीत निदान निम्म्या बायका घ्या, चहा करायला नव्हे, सही करायला.

मैत्रिणींनो, आपलीही चूक आहे. 'घर म्हणजे बाईचा तुरुंग' असे आपण इतके वेळा म्हटले की घर जपण्याच्या कामाकडे आपण फिरकलोच नाही. ते काम आपण मोकळे सोडले आणि वाड्याच्या गोष्टीत फक्त कर्ते पुरुष उरले. ज्या घरात बाई कोंडली गेली तेही जपायला हवे, ती कशी कोंडली गेली हे दाखवण्यासाठी.

पुढच्या बैठकीला मी काकूंच्या वारस नोंदीचा अर्ज घेऊन गेले. शिक्षकांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे आमच्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी कागदपत्रांची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली. चहा त्या दिवशी विद्यार्थ्यांनी केला, जरा पांचटच झाला. काकूंचे पुढे काय होईल, घर राहील की जाईल, हे सांगता येत नाही. त्यांना घर ठेवायचे आहे की फ्लॅट हवा आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले. त्या म्हणाल्या, "आधी नाव लागू दे, मग सांगते."