चकाकी नंतर, ओरखडे आधी

आमच्या चंद्रपूरकडे उभट पातेल्याला ‘गंज’ म्हणतात. त्यामुळे ‘स्टीलच्या गंजाला गंज चढत नाही’ असं मी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्या हसतात! ते बहुतांशी खरंही आहे. स्टीलमधल्या क्रोमियममुळे त्यावर न दिसणारा पातळ थर धरतो आणि तो भांड्याची राखण करतो. ओरखडे मात्र चुकत नाहीत. नदीच्या रेतीने किंवा चुलीच्या राखेने भांडी घासायची आपली जुनी सवय. रेतीचा कण स्टीलहून कठीण, आणि न चाळलेल्या राखेतही रेती असतेच.

पुष्कळजणी अशा भांड्याला थेट पॉलिश लावतात नि निराश होतात. पॉलिशने ओरखडा जात नाही. भोवतालचा भाग चमकला की तो उलट जास्तच उठून दिसतो.

म्हणून आधी ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. आपल्या भांड्यांचा पत्रा पातळ, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. अडकलं नाही, तर हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर आणा. नंबर मोठा तितका कागद बारीक. भांडं साबणाने धुवा, कागद पाण्यात भिजवा आणि ४०० नंबरने एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. ओरखडा दिसेनासा झाला की भांडं धुऊन ६०० नंबरने आडव्या दिशेने घासा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच १००० नंबर. इथे घाई केलीत तर त्या रेघा पॉलिशनंतर डोकावतात. शेवटी मऊ कापडाने पॉलिश करून गरम पाण्याने, साबणाने स्वच्छ धुवा. लोखंडी तारेची घासणी टाळा. तिचे कण भांड्याला चिकटून राहतात आणि तेच गंजतात.

आणि हो, सुरुवातीलाच भांड्यावरचं नाव पाहून घ्या. माझ्या लग्नातल्या गंजावर ‘मामाकडून सप्रेम भेट’ असं कोरलेलं होतं. आरमोरीच्या मामांनी दुकानात उभं राहून कोरून घेतलेलं. वापराने अक्षरं झिजली होती. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी घरात पडलेला १२० नंबरचा जाड कागद उत्साहाने चालवला. कोरलेलं नाव म्हणजे तरी काय, ओरखडेच की! ओरखडे गेले, त्यांच्यासोबत ‘मामाकडून’ही गेलं. मामा आता नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पुन्हा कोरून आण.” आणता येईल हो, पण कोरून घेणारे मामा कुठून आणू?

तेव्हा नावावर आधी चिकटपट्टीचे दोन थर लावा आणि कागद बोटभर दूरच थांबवा. तेवढ्या जागेत चार ओरखडे राहिले, तर राहू द्या.