जुन्या इंजिनाचं तेल



स्वयंपाकाच्या तेलावर मी इथे पुष्कळ लिहिलंय. आज गाडीच्या तेलावर लिहिते, कारण त्याचे पैसेही घरखर्चातूनच जातात.

मालगुंडात अडीच-तीन लाख किलोमीटर पळालेल्या डिझेल गाड्या कमी नाहीत. आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन वाशीला, एरवी बाजारहाट. अशा गाडीत हल्ली लोक हौसेने सर्वांत महाग, सर्वांत पातळ सिंथेटिक ऑइल घालतात. माझ्या मते तो पैसा वाया जातो.

डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिन सुरू करतानाचा दाटपणा सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा. कडाक्याच्या थंडीतही वाहतं राहणं हा सिंथेटिकचा मोठा गुण, पण कोकणात तशी थंडी पडते कुठे? उष्णता सोसण्याचा गुण मात्र आपल्या कामाचा. भरलेली गाडी आंबा घाट चढते तेव्हा तो कळतो. म्हणून इंजिन धडधाकट असेल तर १५ डब्ल्यू ४० हेवी ड्युटी सिंथेटिक जरूर घाला. एपीआय सीआय-४ किंवा नंतरची सीके-४ श्रेणी बघा, पण गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते आधी.

निळसर धूर येतो, सारखं वरून ऑइल ओतावं लागतं? मग बहुधा रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेलेत. महागडं ऑइलही तसंच जळून जाणार. आधी ते काम करून घ्या. 'सिंथेटिकने जुनं इंजिन गळतं' हे अर्धसत्य आहे. सील आधीच झिजलेलं असतं, साचलेल्या मळाने भोक बुजलेलं असतं, नवं ऑइल तो मळ धुऊन काढतं इतकंच.

डिझेल गाडीचं ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरलंय, गाडी चालवू नका. गणपतीपुळ्यापर्यंतच्या आखूड फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा आतच राहतो. किलोमीटर भरले नसले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं. आम्ही पावसाळा संपला की बदलतो.

नवी गाडी का घेत नाही, असं मला विचारतात. परिग्रह-परिमाण काय फक्त साड्यांपुरतं असतं? अर्थात धूर ओकणारी गाडी तशीच दामटणं म्हणजे अपरिग्रह नव्हे, तो कंजूषपणा.

आणि आता मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. काढलेलं जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, उरलेलं परसात ओततात. आपल्या जैन घरांतसुद्धा! आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातली प्रमादचर्या ती हीच. आपण पाणी गाळून पितो, आणि हे ऑइल पहिल्या पावसात वहाळात उतरतं, विहिरीपर्यंत झिरपतं. कायद्यानेही तो घातक कचरा आहे, पण शुद्ध करून पुन्हा वापरता येतो.

पुढच्या वेळी गॅरेजवाल्या दादांना विचाराच, जुनं ऑइल कुठे जातं? 'मागे ओततो' म्हणाले, तर घरून रिकामा कॅन न्या, त्यात भरून घ्या आणि ते पिंपात साठवून शुद्धीकरणाला देणाऱ्या गॅरेजात पोचवा.