शाळेला सिस्टर हवी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, 12 मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयांत मेणबत्त्या लागतात, शपथ घेतली जाते, सत्कार होतात. पुढे महिनाभराने, जूनच्या मध्यावर, शाळा भरतील. या मधल्या महिन्यात एका प्रश्नाची तड लावायला हवी. हा प्रश्न आरोग्य खात्याला शिक्षण खात्याचा वाटतो आणि शिक्षण खात्याला आरोग्य खात्याचा. शाळेच्या वेळेत मूल आजारी पडले, तर त्याच्याकडे पाहण्याचे काम नेमके कोणाचे?

नाशिकमध्ये हा प्रश्न द्वारका चौकात फार टोचतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. वरून उड्डाणपूल गेला, पण खालची कोंडी सुटली नाही. सकाळचे सत्र सुटून दुपारचे भरते त्या वेळी शाळेच्या रिक्षा, व्हॅन, सिटीबस आणि मालट्रक एकमेकांत अडकलेले असतात. भोवताली काठे गल्ली, टाकळी रोड, कथडा, भद्रकाली अशी दाट वस्ती आहे आणि वस्तीत शाळा आहेत. दवाखाने नाहीत असेही नाही. कथड्यात महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे, त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आहे, 108 ला फोन केला की रुग्णवाहिका निघते. पण वर्गात एखाद्या मुलाला फिट आली आणि ती पाच मिनिटांत थांबली नाही, तर वैद्यकशास्त्र तिला आणीबाणी मानते. द्वारकेच्या कोंडीत पाच मिनिटे चौक ओलांडण्यातच जातात. रुग्णवाहिका कितीही लवकर निघाली, तरी ती पाच मिनिटे शाळेलाच निभवावी लागतात.

त्या वेळात काय होते? कोणी कांदा शोधायला धावते, कोणी चप्पल नाकाशी धरते, कोणी दातखीळ उघडायला चमचा घालते. धावणाऱ्यांची तळमळ खरी असते, फक्त त्यांना कधी कोणी शिकवलेले नसते. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा, एवढे शिकवायला अर्धा तास पुरतो. एखाद्या मुलाला डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल, तर तो कधी आणि किती मारायचा हेही शिकवता येते. अडते ते पुढे. शिकवणार कोण, शिकवलेले विसरले तर आठवण देणार कोण आणि चुकले तर उत्तर कोणी द्यायचे?

शिक्षक आजही पुष्कळ वैद्यकीय काम करतात, हे आपण कधी मोकळेपणाने मान्य केलेले नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी मुलांना समोर उभे करून चावून खायला लावण्याचे काम त्यांचे. ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत आठवड्याला लोहाची गोळी द्यायची, लहान मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, तीही उपाशीपोटी नाही, हेही त्यांनीच पाहायचे. ऐकायला सोपे वाटते. पण त्याच सूचनांमध्ये असेही आहे की आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये आणि थॅलेसेमिया मेजर असलेल्या किंवा वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलाला लोहाची गोळी देऊ नये. मुलाचे अंग तापाने गरम आहे की उन्हातून धावत आल्यामुळे, हे ठरवणे गोळ्या वाटण्याइतके सोपे नसते. तो निर्णय असतो आणि साठ मुलांच्या वर्गात, हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळत, तो बाईंनी घ्यायचा असतो. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे सांगते. गोळ्या वाटणे शैक्षणिक की अशैक्षणिक, हा वाद घालायची आमची इच्छा नाही. मुलांच्या पोटात जंत नसावेत आणि रक्तात लोह असावे, हे शिक्षकांनाही हवेच आहे. पण काम त्यांच्याकडे सोपवले, तर कोणी सोपवले हे त्यांना ठाऊक असायला हवे.

परिचर्येच्या व्यवसायाने या सोपवण्याचा फार बारकाईने विचार केलेला आहे. अमेरिकेतील परिचर्या परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. काम सोपवण्याजोगे आहे का, परिस्थिती तशी आहे का, माणूस योग्य आहे का, सूचना नीट दिल्या का आणि देखरेख आहे का. दम्याचा पंप घ्या. स्पेसर लावून ठरलेले फवारे देणे हे काम दर वेळी सारखेच असते, म्हणून ते शिक्षिकेला शिकवता येते. पण ते एका ठरावीक मुलापुरते शिकवलेले असते. एका मुलीला पंप द्यायला शिकलेल्या बाईंना शेजारच्या तुकडीतल्या दम्याच्या मुलालाही तो देता येईल, असे गृहीत धरता येत नाही. त्याचे औषध वेगळे असेल, मात्रा वेगळी असेल, त्याची धाप वेगळ्याच कारणाने लागलेली असेल. मुलाला तपासणे, त्याची गरज ठरवणे आणि दिलेल्या औषधाचा उपयोग झाला की नाही हे जोखणे परिचारिकेला दुसऱ्या कोणावरही ढकलता येत नाही. तिने सोपवलेले काम नीट होत नसेल, तर ते परत घेण्याचा तिला अधिकार असतो. शिक्षिकेलाही ‘हे मला जमणार नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. आणि काम दुसऱ्याच्या हाती गेले, तरी ते योग्य माणसाला, नीट शिकवून दिले का, याचा जाब परिचारिकेलाच द्यावा लागतो.

कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर मोठा खटला झाला. मधुमेही मुलांना शाळेत इन्सुलिन कोणी द्यायचे? हे परवानाधारक परिचारिकेचेच काम आहे, असे परिचारिकांच्या संघटनांचे म्हणणे होते. सगळ्या शाळांत पूर्णवेळ परिचारिका नाही आणि मुलांना रोज इन्सुलिन लागते, असे पालकांचे आणि मधुमेह संघटनेचे म्हणणे होते. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असेल, तर प्रशिक्षित शाळा कर्मचाऱ्याला इन्सुलिन देता येईल. मुलांच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण परिचारिकांची भीतीही निराधार नव्हती. इन्सुलिनची मात्रा जेवणावर, खेळावर, तापावर बदलते आणि चुकली तर मूल बेशुद्ध होऊ शकते. परिचारिकेचे काम दुसऱ्याला देता येते का यावरून तिथे एवढे भांडण झाले. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत भांडायला पहिली परिचारिकाच नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 पासून मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ सोबत नेऊ दिला, हे चांगलेच झाले. परीक्षेच्या तीन तासांची सोय लागली. वर्षातल्या बाकीच्या दिवसांत टाइप वन मधुमेहाची मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात लपून इन्सुलिन टोचून घेत असेल, तर तिची सोय लावायची राहिलीच आहे.

ही उणीव आजची नाही. शालेय आरोग्याचा आपला इतिहास तपासणीचा इतिहास आहे. देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली ती बडोद्यात, 1909 मध्ये. बडोद्याचे तेव्हाचे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. नाशिककरांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. पण त्याच्या सात वर्षे आधी, 1902 मध्ये, न्यूयॉर्कच्या शाळांना एक धडा मिळाला होता. डॉक्टर येत, खरूज, उवा, डोळ्यांचे संसर्ग शोधत आणि मुलांना घरी पाठवत. मुले घरीच राहत, कारण घरी उपचार कोण करणार? मग लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून काही शाळांत पाठवले. तिने शाळेतच मलमपट्टी केली, घरोघर जाऊन आयांना औषध लावायला शिकवले आणि मुले वर्गात परत आली. गैरहजेरी इतकी झपाट्याने घटली की शहराने आणखी परिचारिका नेमल्या. डॉक्टरांची तपासणी संपते तिथून परिचारिकेचे काम सुरू होते, हे तेव्हाच दिसून आले होते.

आपण तपासणी घेतली आणि पुढचे काम सोडून दिले. 1946 च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्याचे नोंदवले, साठच्या दशकात रेणुका राय समितीने पुन्हा या विषयात लक्ष घातले. 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीतून शाळेत येते, जन्मजात व्यंगांपासून जीवनसत्त्वांच्या कमतरतेपर्यंत सारे पाहते आणि गरज असेल त्या मुलाला पुढे पाठवते. या पथकांमुळे कितीतरी मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, फाटलेले ओठ शिवले गेले. ते काम मोलाचे आहे. पण शाळेत पथक वर्षातून एकदा येते. 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला आणि एका शिक्षिकेला आरोग्यदूत करण्याची योजना आली. पोषण, मानसिक आरोग्य, वयात येणे हे विषय ते शिकवतात. फिट आलेल्या मुलाजवळ बसायचे कोणी, याचे उत्तर त्या योजनेतही नाही.

दिवसाच्या शाळेत निदान संध्याकाळी मूल आईकडे जाते. आश्रमशाळेत रात्र असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात रात्री दोन वाजता ताप चढला किंवा विंचू चावला, तर अधीक्षक किंवा अधीक्षिका, एक टॉर्च आणि रस्ता एवढेच हाताशी असते. राज्यातील आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी राज्यपालांनी डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली, तिचा अहवाल 2016 मध्ये आला. निवासी नवोदय विद्यालयात मात्र स्टाफ नर्सचे पद असते. दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावचे विद्यालय त्याच पठडीतले. तिथल्या मुलाला जे मिळते, ते त्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळेच्या मुलाला का मिळू नये? राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. या प्रश्नाचे उत्तर मागायला नाशिककरांना मुंबईला जायची गरज नाही.

प्रत्येक शाळेत एक परिचारिका नेमा, असे म्हणणे सोपे आहे आणि ते होणार नाही हेही सर्वांना माहीत आहे. पण आपल्या शिक्षण खात्याकडे एक तयार चौकट आहे. आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते, त्याची केंद्रशाळा असते, केंद्रप्रमुख असतो. त्या केंद्राला एक नोंदणीकृत परिचारिका द्या. आश्रमशाळांत मात्र प्रत्येक शाळेत मुक्कामी परिचारिका हवी, तिथे तडजोड नको. केंद्रातल्या सिस्टरने शाळा भरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पालकांकडून माहिती घ्यावी. दमा, फिट, मधुमेह, सिकलसेल, हृदयविकार, ॲलर्जी असलेली मुले त्यातून कळतील. अशा प्रत्येक मुलासाठी एक पानाची योजना असावी. काय झाले तर काय करायचे, कोणी करायचे, कोणाला फोन करायचा. त्यावर डॉक्टरांची सूचना, पालकांची संमती, शिकवलेल्या शिक्षकाची सही आणि शिकवणाऱ्या सिस्टरची सही. मग तिने महिन्याला येऊन पाहावे की शिकवलेले हातात टिकले आहे का.

शिक्षकांना भीती वाटते ती कागदाची आणि पोलीस चौकीची. मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेने संरक्षण दिले होते, ते नव्या न्याय संहितेतही कायम आहे. त्या संरक्षणाला हे एक पान भक्कम आधार देईल.

सिस्टरचे कामही आखून द्यायला हवे. निदान करणे, स्वतःहून नवे औषध सुरू करणे तिच्या कक्षेत येत नाही. तसेच शाळेच्या नोंदवह्या भरणे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणे हेही येता कामा नये. नाहीतर वर्षभरात ती आणखी एक कारकून होईल. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी 1966 च्या कायद्याखालच्या परिषदेत होते. 2023 मध्ये संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. या नव्या व्यवस्थेचे नियम लिहिताना शालेय परिचारिकेने काय करावे, काय सोपवावे आणि काय कधीच सोपवू नये, हे स्पष्ट लिहिले जावे. तो मजकूर नाशिकमध्येच तयार होऊ शकतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, परिचर्येच्या पदव्या तेच देते आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या हा त्या अभ्यासक्रमाचा भागच आहे.

खासगी शाळांनाही यातून सूट नको. माहितीपुस्तिकेत ‘मेडिकल रूम’ असते, खाट असते, पांढरा कोट घातलेली एक बाई असते. ती नोंदणीकृत परिचारिका आहे का, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे. फी भरणाऱ्याला तेवढा हक्क नक्कीच आहे.

महापालिकेने सुरुवात द्वारकेच्या आसपासच्या एखाद-दुसऱ्या केंद्रापासून केली तरी चालेल. मात्र जाहिरात निघेल तेव्हा पद अकरा महिन्यांच्या कंत्राटाचे नसावे. एखाद्या मुलाची फिट कशी सुरू होते, कोणत्या मुलीची साखर खेळाच्या तासानंतर उतरते, कोणत्या बाईंचा हात अजून कापतो हे कळायला एक शालेय वर्ष लागते, आणि ते कळू लागते तेव्हाच कंत्राट संपते.