लेकीची गोष्ट कोणाच्या हाती?

रहस्यकथा वाचणाऱ्यास एकच ओढ असते : अपराधी कोण? फ्रेंच लेखिका डेल्फिन द व्हिगां यांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक कादंबरी या ओढीलाच निराळे वळण देते. तीतील मेलानी ही आई आपल्या दोन मुलांचे खाणेपिणे, खेळणे, रुसणे सारे चित्रित करून यूट्यूबवर नित्य प्रसारित करते. असंख्य अनोळखी माणसे त्या घराची जणू आप्तच होतात. एके दिवशी लपंडाव खेळता खेळता सहा वर्षांची किमी नाहीशी होते. तपासासाठी एक पोलीस कर्मचारी त्या चित्रफिती एकामागून एक पाहू लागते आणि तिच्या ध्यानी येते की, ही मुलगी कितीतरी आधीपासून कॅमेऱ्यापुढे कोमेजत चालली होती. पाहणारे इतके होते; कोणाला दिसले नाही.

ही कथा पॅरिसच्या उपनगरातील. माण-खटावशी किंवा जत-आटपाडीशी तिचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. सुट्टी संपवून मुली वसतिगृहात परततात, तेव्हा काहींच्या चित्रफिती त्यांच्याआधीच येथे येऊन पोहोचलेल्या असतात. चित्रण आईने केलेले, गाणे आईने निवडलेले, खालचे अभिप्राय परक्यांचे. ते अभिप्राय वर्गातल्या मुली एकमेकींना वाचून दाखवतात, आणि जिच्याविषयी ते असतात ती जेवणाच्या पंगतीत खाली मान घालून बसते.

या मातांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. जिचे छायाचित्र लग्नानंतर केवळ रेशनकार्डासाठी आणि आधारकार्डासाठी निघाले, तिला आपली लेक चार लोकांनी पाहावी, वाखाणावी असे वाटले तर त्यात नवल कसले? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही, त्यांच्या घरातली ही हौस आहे.

आईने लेकीला लोकांपुढे उभे करणे आपल्या मुलुखाला नवे नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास लावणीचे धडे मिळाले ते आईकडूनच. तेथे प्रश्न पोटाचा होता. पण त्या आईने लेकीला कला दिली. ती लेकीची स्वतःची झाली आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही ती त्यांच्याच गळ्यात होती. आजच्या चित्रफितीतून मुलीच्या हाती काय उरते? गाणे दुसऱ्याचे, हावभाव दुसऱ्याचे. तिचा असतो तो चेहरा, आणि तोच तिच्या हातून जातो.

याहून जवळचे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. फलटणला त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. माल बांधण्यासाठी आणलेली रद्दी त्या वाचीत, आणि वाचता वाचता लिहू लागल्या. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे दडवून ठेवले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः येऊ लागले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक झाले. त्यात समाजाचे दुःख आहे, सासुरवासाने पिचलेल्या सुनांचे दुःख आहे. स्वतःच्या संसारातला मार मात्र त्यांनी फारसा मांडला नाही. त्याविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. काय सांगावे, काय राखून ठेवावे आणि कधी सांगावे, हे तिन्ही निर्णय त्यांचे होते. प्रसिद्धी त्यांनाही मिळाली, ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या इंग्रजी अनुवादाने २००८ पासून ती दूरवर गेली. फलटणजवळ निंबुरे येथे वंचितांच्या मुलांसाठी त्यांनी निवासी शाळाही चालवली, म्हणून आमच्यासारख्यांना त्या घरच्याच वाटतात. सहा वर्षांच्या मुलीला हे तीन निर्णय घेता येत नाहीत. ते तिच्यासाठी राखून ठेवणे हेच आईपण, असे आम्ही मानतो.

कायदा येथे फारसा कामी येत नाही. चित्रपटात वा मालिकेत काम करणाऱ्या बालकाला दिवसाला पाच तासांहून अधिक राबवू नये, त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा, असे बालकामगारविषयक नियम २०१७ पासून सांगतात. पण त्यात जबाबदार धरायला निर्माता असतो. स्वयंपाकघरात आईने केलेल्या चित्रणाला निर्माता कोठून आणावा? २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती मागतो. परंतु चित्रफीत टाकणारा हातच पालकाचा असेल, तर संमती कोणी कोणाची घ्यायची? फ्रान्सने २०२० मध्ये अशा मुलांना आपली चित्रणे हटवण्याची मागणी पालकांच्या परवानगीवाचून करता येईल, अशी तरतूद केली. आपल्याकडेही ती व्हावी.

तोवर काय? कोणी विचारील, या स्मरणिकेत मुलींची छायाचित्रे आहेतच की. आहेत. पण ही स्मरणिका काही घरांत जाईल, कपाटात राहील. तिच्याखाली कोणी परका शेरा लिहिणार नाही. पालकांकडे आमचे मागणे थोडे आहे. चित्रण दाखवण्यापूर्वी लेकीला विचारावे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर कारण विचारू नये. स्नेहसंमेलनात मोबाइल उंचावताना आणखी एक ध्यानात घ्यावे. आपल्या मुलीच्या शेजारी नाचणारी मुलगीही त्या चौकटीत येते. तिची आई त्या वेळी ऊसतोडीच्या फडात असते आणि तिला कोणी विचारलेले नसते.